व्हिडिओतला डग्गा आणि भुसावळची खोली : एका स्पीकर-खरेदीचं प्रकरण

नाना पहिल्यांदा दुकानात आले ते फेब्रुवारीत, रिक्षातून दोन खोकी उतरवून घेत. वय ६७, रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त, घर भुसावळला. माझं दुकान जळगावात, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि डेक दुरुस्तीचं. या कामात मला २६ वर्षं झाली. खोकी उघडण्याआधीच ते म्हणाले, "भाऊ, माल नवा आहे, ३८ हजारांचा. व्हिडिओत वाजला तसा घरी वाजत नाही. आत काहीतरी बिघाड आहे, तेवढा शोधून द्या."

अशी तक्रार घेऊन येणारे हल्ली महिन्याला दोन-तीन तरी असतात. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर मांडतोय. आपल्याकडे मोठ्या दुकानात टीव्हीखालचा साउंडबार ऐकायला मिळतो. पण बुकशेल्फ स्पीकरच्या, म्हणजे कपाटावर मावणाऱ्या छोट्या पेट्यांच्या, दोन जोड्या शेजारी ठेवून, खुर्चीत बसवून, तासभर ऐकू देणारं दुकान हवं असेल तर लोक नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठतात. जळगावचा माणूस सोनं घेताना ते हातात घेतो, काट्यावर बघतो, कस विचारतो. त्याच माणसाला हजारो रुपयांचा आवाज मोबाईलवर ऐकून घ्यावा लागतो, कारण दुसरा मार्ग जवळ नाही. त्यामुळे व्हिडिओ बघून घेतलंत म्हणून मी कुणाला बोल लावत नाही. व्हिडिओतून नक्की काय ऐकू येतं, एवढं मात्र कळायला हवं.

नानांनी ऐकलं काय

व्हिडिओ स्पीकर ऐकून मत सांगणाऱ्या एका परीक्षकाचा होता, साधारण चौदा मिनिटांचा. स्पीकरच्या दोन जोड्या, त्यांना इथे 'अ' आणि 'ब' म्हणू. ॲम्प्लिफायर एक, खोली एक, गाण्यांचे तुकडे तेच आणि मधोमध स्टँडवर मायक्रोफोन. माणूस प्रामाणिक होता, हे मी नंतर तो व्हिडिओ नीट पाहून सांगतो. नानांनी तो तीन आठवडे रोज रात्री, नातवाचा वायरलेस हेडफोन लावून ऐकला. त्यांचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं: तबल्याचा डग्गा. डग्ग्यावर तळहात दाबत पुढे सरकवला की आवाज खालून वर चढतो, ती मींड. नाना म्हणाले, "अ मध्ये ती पोटात उतरायची. ब मध्ये नुसती ऐकू यायची." त्यांनी अ मागवला.

घरी जोडल्यावर तोच डग्गा 'धब्ब' झाला. प्रत्येक थाप एकाच वजनाची, मींड गायब, आणि गाणाऱ्याचे शब्द त्या घुमाऱ्याच्या मागे गेलेले. आवाज कमी केला तर बेस नाहीसा, वाढवला तर खोली घुमायला लागते.

मी जोडी बेंचवर घेतली. दोन्ही स्पीकरचा रोध सारखा, प्लस-मायनस बरोबर. २० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) वरपर्यंत स्वर हळूहळू चढवत नेला, कुठे खरखर नाही, पेटीतून हवा निसटत नाही. "माल ठणठणीत आहे नाना," असं सांगून मी त्यांना परत पाठवलं.

तिथे मी चुकलो. मालात दोष नाही याची मी खात्री करून दिली, पण नाना ज्या आवाजाच्या शोधात होते तो आला कुठून, हे मी विचारलंच नाही. आठ दिवसांनी ते पुन्हा आले. माल परत करायची मुदत तोवर संपली होती. या वेळी त्यांच्या पिशवीत मोबाईल होता आणि नातवाचा तो हेडफोन.

दहा मिनिटांत मत फिरलं

माझ्याकडे कामासाठी वायरवाला एक साधा मॉनिटर हेडफोन आहे. तो बेस (खालचे स्वर) किंवा ट्रेबल (वरचे स्वर) मुद्दाम वाढवत नाही. नानांच्याच मोबाईलला तो जोडला आणि तोच व्हिडिओ लावला. नाना डोळे मिटून ऐकत होते. दहा मिनिटांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "हे तर उलटंच झालं भो. यात ब चांगला वाटतोय. बाईचा गळा समोर येतोय."

नातवाच्या हेडफोनमध्ये बेस वाढवण्याचं बटण होतं, आणि ते चालूच होतं. खेळातले स्फोट ऐकायला ते ठीक आहे. पण त्यामुळे खालचे स्वर इतके पुढे यायचे की अ आणि ब मधला फरक फक्त तिथेच ऐकू यायचा. अ ची पेटी मोठी, तो थोडा जास्त खोल जातो. हा खरा फरक होता, पण हेडफोनने तो फुगवून सगळ्या निवडीवर पसरवला. सपाट हेडफोनवर बेस जागेवर गेला, आणि जिथे ब बरा होता तो गळा ऐकू आला.

"दोन्ही मी एकाच हेडफोनवर ऐकले, मग तुलना बरोबरच झाली ना?" असं नानांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि जवळजवळ सगळेच तो विचारतात. चष्मा हिरवा असेल तर दोन साड्यांपैकी जास्त गडद कोणती हे कदाचित कळेल, पण कोणती कोणत्या रंगाची हे कळणार नाही. व्हिडिओतली तुलना तशीच असते. दोन जोड्यांत काहीतरी फरक आहे एवढं ती सांगते. कोणती आपल्याला घरी आवडेल, याचं उत्तर तिच्यात नसतं.

त्या व्हिडिओत आणखी एक गोष्ट सापडली. माझ्या मीटरवर अ चे तुकडे ब पेक्षा साधारण २ डेसिबलने मोठे निघाले. परीक्षकाने लबाडी केली असं मला वाटत नाही. प्रत्येक स्पीकरची संवेदनशीलता वेगळी असते, म्हणजे तेवढ्याच विजेवर एक जास्त मोठा वाजतो, एक कमी. एकाचा आकडा ८६ आणि दुसऱ्याचा ८९ डेसिबल असेल, तर बटण त्याच जागी ठेवून दुसरा ३ डेसिबलने मोठा वाजणार, म्हणजे पहिल्याला दुप्पट वॅट दिल्यासारखं. एवढ्या थोड्या फरकाला माणूस 'मोठा' म्हणत नाही. तो 'भरदार' म्हणतो, 'जिवंत' म्हणतो. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी कान कुठल्या स्वराला किती दाद देतो याचे आलेख काढले. आवाज कमी असतो तेव्हा खालचे स्वर आपल्याला फारच कमी ऐकू येतात, हे त्यातून दिसतं. म्हणून थोडा मोठा वाजणारा स्पीकर बेसमध्येही श्रीमंत वाटतो. नानांच्या घरी रात्री आवाज कमी केला की बेस नाहीसा का व्हायचा, तेही इथेच समजतं.

यूट्यूब फार मोठे आवाज स्वतःच खाली आणतं, साधारण उणे १४ LUFS (आवाज एकूण किती मोठा वाटतो याचं माप) या पातळीला. त्यामुळे दोन वेगळे व्हिडिओ बरेचसे एका पातळीवर येतात. पण एकाच व्हिडिओच्या आत दोन जोड्यांत जो फरक ठेवला गेला असेल, तो तसाच राहतो.

लोक सगळा दोष कॉम्प्रेशनला, म्हणजे आवाजाची फाईल आकसून लहान करण्याला, देतात. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट असतात आणि यूट्यूबवर आवाजाला साधारण १२८ ते १६० मिळतात, हे खरं. पण आजची पद्धत चांगली आहे. त्यात जातं ते थोडंच, आणि ते पकडायलाही चांगलं सामान लागतं. माझ्या अनुभवात मोठी चोरी त्याच्या आधीच होते, मायक्रोफोनजवळ.

खोलीत बसलेला माणूस दोन कानांनी ऐकतो. स्पीकरचा आवाज आधी थेट येतो, मग भिंतीवरून परतलेला. मेंदू पहिल्याला धरतो आणि काही मिलिसेकंदांत मागून आलेला त्यातच मिसळून घेतो. हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात हे मोजून दाखवलं. मायक्रोफोनच्या मागे मेंदू नाही. तो थेट आवाज आणि भिंतीवरचा आवाज दोन्ही सारखेच उचलतो. म्हणून स्वतःच्या घरचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं की आपण हौदात बसून बोललोय असं वाटतं, जरी समोर बसलेल्याला तसं काही ऐकू येत नसलं तरी. मोबाईलवर चित्रण केलं असेल तर त्यात भर पडते: हळू आवाज तो आपोआप उचलतो, मोठा दाबतो, आणि वाऱ्याची सरसर नको म्हणून अगदी खालचे स्वर कापतो. डग्ग्याची मींड हळू सुरू होऊन वाढत जाते. तिचा जीव त्या चढण्यातच असतो, आणि मोबाईल नेमकं तेच सपाट करतो.

काही व्हिडिओत तर स्पीकर वाजताना दिसतो, पण खाली मूळ गाण्याची फाईलच जोडलेली असते. त्याची खूण अशी: परीक्षक बोलतो तेव्हा खोली ऐकू येते, आणि गाणं सुरू झालं की खोली नाहीशी होते. नानांच्या व्हिडिओत तसं नव्हतं.

भुसावळची खोली

मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी चहा टाकला तोवर मी दारात उभा राहून एक टाळी वाजवली. टाळी संपल्यावरही भिंतीभिंतींत 'झिन्न' असा बारीक धातूसारखा आवाज थरथरत राहिला. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती एकमेकींकडे आवाज परत फेकत होत्या. खोली १२ बाय १२, उंची १० फूट. खाली चकचकीत फरशी, वर स्लॅब, एका बाजूला दिवाण, मोठी काचेची खिडकी. स्पीकर टीव्हीच्या कपाटावर, अगदी दोन कोपऱ्यांत. नानांची खुर्ची समोरच्या भिंतीला टेकलेली.

"आधीचे स्पीकर कुठे वाजायचे?" मी विचारलं.

यावल तालुक्यातल्या गावच्या घरात. धाब्याचं घर, मातीच्या दीड-दोन फूट जाड भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर मातीचा थर, खाली शेणाने सारवलेली जमीन, एका भिंतीला धान्याच्या कोठ्या, गोण्या. नाना सुटीला तिथे जायचे आणि ऐकत बसायचे. त्यांच्या डोक्यात 'चांगला आवाज' म्हणून जो बसला होता तो त्या घरात तयार झाला. पुढे घर विकलं, स्पीकर भुसावळला आले आणि माळ्यावर गेले. व्हिडिओतल्या परीक्षकाची खोलीही गालिचा, जाड पडदे आणि पुस्तकांच्या कपाटांनी भरलेली होती. धाब्याच्या घरासारखीच ती आवाज पिऊन घेणारी. नाना तीन आठवडे एका अर्थाने आपलं जुनं घर ऐकत होते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

वर्गखोलीसारख्या जागेत गाद्या-उशांनी आवाज किती शोषला जातो हे वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डमध्ये मोजलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून ते एकेक वाढवत गेले आणि घुमारा किती सेकंद टिकतो ते नोंदवत गेले. कापूस हे आमच्या खान्देशचं पीक, तेव्हा गाद्या-गोधड्यांची वाण नाही. काकूंनी दोन जाड गोधड्या काढून दिल्या. एक खिडकीवर टांगली, एक दिवाणामागच्या भिंतीवर. पुन्हा टाळी वाजवली, तो झिन्न आवाज गेला.

पण डग्गा तसाच राहिला. गोधडीने वरचे स्वर शोषले जातात, खालच्यांना ती दिसतही नाही. ४७ हर्ट्झच्या स्वराची एक लाट सात मीटरांहून लांब असते. दोन इंच कापूस तिला काय अडवणार?

४७ हा आकडा मी सहज घेतलेला नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. दोन भिंतींमध्ये अर्धी लाट बरोबर बसेल असा स्वर काढला तर तो ४७ हर्ट्झ येतो, आणि त्याचा दुप्पट ९४. खोली लांब-रुंदीला सारखीच असल्याने दोन्ही दिशांनी तेच आकडे येतात आणि एकमेकांवर चढतात. १० फूट उंचीचा ५६ हर्ट्झ त्यातच मिसळतो. डग्ग्याचं खालचं बोलणं बरंचसं याच पट्ट्याच्या आसपास चालतं. त्यामुळे तो कुठल्याही स्वरावर असला तरी खोली त्याला ओढून आपल्या ठरलेल्या स्वरांवर नेते. मींड चढते, खोली मात्र एकाच जागी 'धब्ब' म्हणते. त्यातच स्पीकर कोपऱ्यात, जिथून हे स्वर सर्वांत जास्त चेतवले जातात, आणि खुर्ची भिंतीला, जिथे त्यांचा दाब सर्वांत जास्त असतो. अशी जागा एखाद्याने मुद्दाम शोधली असती तरी याहून वाईट सापडली नसती.

मी खडूने फरशीवर रेघा मारल्या. मागच्या भिंतीपासून ३ फूट, म्हणजे खोलीचा चौथा हिस्सा, तिथे खुर्ची. या जागी त्या दिशेचा ९४ हर्ट्झ जवळजवळ शून्य होतो आणि ४७ चाही जोर थोडा उतरतो. स्पीकर कपाटावरून काढून लोखंडी स्टुलांवर, त्यांच्या स्वतःच्या मागच्या भिंतीपासून दोन फूट पुढे आणि बाजूच्या भिंतींपासून जरा कमी-जास्त अंतरावर. काकूंना ते दिसायला आवडलं नाही. भिंत सोडून एवढी पुढे खुर्ची म्हणजे पाहुण्यांनी बसायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न बरोबरच होता. शेवटी खुर्ची ऐकायच्या वेळी पुढे ओढायची आणि एरवी मागे लोटायची असं ठरलं. खडूच्या जागी चिकटपट्टीच्या दोन बारीक खुणा लावल्या.

नानांनी सीडी लावली. डग्गा वाजला, आणि मींड चढताना ऐकू आली. व्हिडिओइतकी पोटात नव्हती, पण होती.

आजींच्या लुगड्यामागून

त्याआधी, काहीही हलवण्यापूर्वी, आम्ही दोन प्रयोग केले होते. मला सगळ्यांत महत्त्वाचे तेच वाटतात.

पहिला सोपा, कुणालाही घरी करता येईल असा. माळ्यावरचे जुने स्पीकर खाली काढले, पुसले, जोडले. नानांनी खुर्चीत बसून मोबाईलवर आधी जुने आणि मग नवे स्पीकर रेकॉर्ड केले, तेच गाणं, बटण तिथेच. मग ते रेकॉर्डिंग नातवाच्या हेडफोनवर ऐकलं. खोलीत बसून ऐकताना नानांना जुने बरे वाटत होते. रेकॉर्डिंगमध्ये नवे बरे वाटले. स्पीकर तेच, खोली तीच, कान तेच. फक्त मध्ये मोबाईल आणि हेडफोन आले आणि निकाल फिरला. अकरावीतला नातू ते ऐकून म्हणाला, "आजोबा, मग आपण टाकलेला व्हिडिओ बघून कुणी तरी हेच विकत घेईल." मुलाच्या लगेच लक्षात आलं.

दुसरा प्रयोग स्पीकर डोळ्यांनी न बघता ऐकण्याचा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर आधी दिसत असताना आणि मग पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. पेट्या दिसत असताना लोकांनी दिलेले गुण पडदा टाकल्यावर बदलले. मोठी, देखणी, महाग पेटी कानालाही चांगली वाटते. नानांच्या डोक्यात '३८ हजार' हा आकडा होता आणि परीक्षकाचे शब्दही होते. ते बाजूला ठेवायचे तर पडदा हवा. मध्ये आडकाठी न होणारं कापड कोणतं? ओठांवर धरून फुंकून बघायचं. फुंकर पलीकडे सहज गेली तर आवाजही जातो. काकूंचा जाड पडदा बाद झाला. त्यांच्या सासूबाईंचं एक धुऊन-धुऊन मऊ पडलेलं सुती नऊवारी ट्रंकेत होतं. नानांनी ते स्वतः फुंकून बघितलं, मग दोरीवर टाकलं. मागे जुनी आणि नवी जोडी शेजारी-शेजारी, माझ्याकडची बदलायची डबी आणि तिच्यावर नातू. दोन्ही जोड्यांचा आवाज आधी फसफस आवाज लावून एकाच मोबाईलच्या मीटरने खुर्चीपाशी सारखा केला. असे मीटर खरा आकडा सांगत नाहीत, पण दोन आवाज सारखे करायला पुरतात.

दहा फेऱ्या. प्रत्येक वेळी नातू नाणं उडवून जोड्यांचा क्रम ठरवायचा, नानांनी फक्त 'पहिला' किंवा 'दुसरा' म्हणायचं. सामान जुन्या जागी असताना त्यांनी दहापैकी नऊ वेळा जुने निवडले. खुर्ची आणि स्पीकर हलवल्यावर, पडदा तसाच ठेवून, सात वेळा नवे.

सात म्हणजे फार नाही. नुसतं नाणं उडवलं तरी दहात सात किंवा जास्त वेळा छापा पडायची शक्यता १७ टक्के असते. हे मी नानांना तिथेच सांगितलं, कारण ते 'नवे जिंकले' म्हणून खूश झाले होते. नव्यांना आधी दहात एकच फेरी मिळाली होती, ती नंतर सातवर गेली, हा बदल मात्र मोठा आहे आणि तो एकही पैसा खर्च न होता झाला. दोन जोड्यांतल्या फरकापेक्षा तीन फुटांचा फरक मोठा निघाला. कुठलाही व्हिडिओ हे दाखवू शकणार नाही, कारण तो फरक नानांच्या खोलीत होता.

कान कुणाचा

एक गाठ अजून राहिली होती. सगळं हलवून झाल्यावर नातू म्हणाला, "वरचं कानाला टोचतंय." नाना म्हणाले, "कुठे? मला तर आत्ता कुठे झांजा नीट ऐकू येतायत." व्हिडिओतल्या परीक्षकानेही अ ची ट्रेबल जरा तिखट आहे असं म्हटलं होतं. नानांनी ते ऐकून सोडून दिलं होतं, कारण त्यांना ती कधी जाणवलीच नाही.

नानांनी ३४ वर्षं इंजिनात काढली. सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाची झीज साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपास आधी दिसते, आणि वयाने त्याच्या वरचं ऐकणंही उतरत जातं. मी डॉक्टर नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की एकदा कानांची तपासणी करून घ्या, स्पीकरसाठी नाही, तुमच्यासाठी. त्यांनी करून घेतली. आलेख घेऊन ते दुकानात आले. दोन्ही कानांची रेघ ४,००० पाशी खाली गेलेली. त्यांनी बोट ठेवून दाखवलं आणि म्हणाले, "ही बघा आमची गाडी इथे घाटात उतरली." मग हळूच, "काकू हळू बोलते असं मी दहा वर्षं म्हणत होतो."

म्हणजे परीक्षकाचा कान आणि नानांचा कान यांत जो फरक होता, तोही निवडीत होताच. तरुण परीक्षकाला तिखट वाटणारा स्पीकर नानांना बरोबर वाटणं साहजिक होतं, आणि तेच घरातल्या इतरांना सोसणार नाही हेही. यावर तोडगा साधा निघाला. ट्विटरचा, म्हणजे पेटीतल्या वरचे स्वर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरचा, आवाज समोर सरळ जातो आणि बाजूला कमी होतो. दोन्ही स्पीकर नानांच्या खुर्चीकडे वळवले. नाना समोर बसतात, बाकीचे दिवाणावर, बाजूला. नातवाची तक्रार थांबली.

मे महिन्यात त्यांचा फोन आला की बेस पुन्हा गेला. मी विचारलं, "कूलर चालू आहे?" चालू होता, अर्थातच. बाहेर ४४ अंश असताना भुसावळात कूलर बंद ठेवून गाणं कोण ऐकणार? त्या घरघरीत हळू स्वर बुडतात आणि माणूस आवाज वाढवतो, मग पुन्हा घुमारा. यावर माझ्याकडे उपाय नाही. नाना आता पहाटे साडेपाचला ऐकतात, कूलर बंद करून, खिडकी उघडून.

व्हिडिओ बघणं त्यांनी सोडलं नाही, आणि मीही सोडायला सांगितलं नाही. पेटी किती मोठी, मागे तारा जोडायच्या जागा कशा, ॲम्प्लिफायरमधून गुणगुण येते का, रिमोट कसा चालतो, परीक्षकाने मोजून काढलेला आलेख कुठे वर-खाली जातो, हे व्हिडिओत चांगलं कळतं. आलेख तर मला त्याच्या शब्दांपेक्षा जास्त कामाचा वाटतो. पण ऐकण्याचा तुकडा आला की नाना आता नातवाचा हेडफोन लावत नाहीत. माझ्याकडून तसलाच एक वायरवाला त्यांनी मागवून घेतला आहे.

ब त्यांच्या खोलीत कसा वाजला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत नाही. सपाट हेडफोनवर ऐकलेला तो गळा नानांच्या मनातून जात नाही. नाशिकमधल्या एका दुकानात ती जोडी ऐकायला ठेवलेली आहे असं कळलंय. नानांनी त्यांची सीडी पिशवीत घालून ठेवली आहे, फुंकून बघितलेलं लुगडंही घडी करून त्यातच टाकलंय. पावसाने जरा उघडीप दिली की सकाळच्या गाडीने आम्ही दोघं जाणार आहोत.